प्राप्तीच्या फंक्शनला डोंबिवलीचा नकार

आमची प्राप्ती भांडते तेव्हा आवाज चढवत नाही. तिचा बाप मोरू, म्हणजे माझा मुलगा, भांडला तर चेंदणी कोळीवाड्याच्या दोन्ही टोकांना कळतं. प्राप्ती टायपिंग करून भांडते. खोलीचं दार लोटलेलं असतं, आतून नुसतं टकटक. ते जोरात यायला लागलं की मी सुनेला म्हणते, "संचिता, कोणाचं तरी आज काही खरं नाही." गेलं वर्षभर ते कोणाचं तरी म्हणजे डोंबिवलीचे उत्तम परुळेकर.

पण आधी पोरीचं सांगते, म्हणजे भांडण कळेल.

प्राप्तीला लहानपणापासून एका गोष्टीची चीड. माणूस विसरतो आणि मग म्हणतो, आता लक्षात ठेवीन. मोरू पाण्याची मोटर चालू करायचा आणि नाक्यावर जाऊन बसायचा. टाकी भरून जिन्यावरून धबधबा यायचा, खालची सुमन शिव्या घालायची, मोरू कानाला हात लावायचा, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. प्राप्ती तेव्हा बारावीत. कुठून तरी सामान आणून तिनं टाकीत एक फुगा सोडला, तो वर आला की मोटर आपोआप बंद. मोरू म्हणाला, "आता मी आळशी होणार." ती म्हणाली, "तो तू आहेसच बाबा. निदान पाणी तरी वाचेल." असं बोलते. सासरी कसं होणार म्हणून संचिताला झोप लागत नाही. मला लागते. ज्या घरात मोटर आपोआप बंद व्हायला पाहिजे असेल त्या घरात तिचं बरं चालेल.

ती कॉम्प्युटर शिकली आणि वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कंपनीत लागली. तिथे शीतगृहात बसवायचे डबे बनतात. आत किती गार आहे ते डबा पाहतो, आणि गारवा कमी झाला की मालकाच्या फोनवर बोंब मारतो. एकदा एका डब्यानं बोंब मारली नाही. मुका होऊन बसला, आणि व्यापाऱ्याची सुरमई सडली. तो व्यापारी कंपनीच्या दारात येऊन जे बोलला ते मी लिहीत नाही, मला येत असलं तरी. चूक प्राप्तीच्या आधी तिथे काम करून गेलेल्या माणसाची होती, पण तो गेलेला आणि ही खुर्चीवर बसलेली. शिव्या खुर्चीला पडतात.

डबा मुका का झाला ते तिनं मला समजावलं. मी चौथी शिकलेली, तेव्हा मला कळलं तसं सांगते. त्या डब्यात दोन भाषा असतात. वरची नवी, सोपी. खालची जुनी, तिचं नाव सी. दोघींच्या मधे खिडकी आहे, तिला ही लोकं इंटरफेस म्हणतात. खालच्या माणसाला वरची एखादी वस्तू पाहिजे असली तर खिडकीवर चार कामं करावी लागतात. वस्तूचं नाव शोधायचं, ती घ्यायची, ती पाहिजे तीच आहे का बघायचं, आणि काम झालं की परत केली म्हणून सांगायचं. चौथं काम लोकं विसरतात. विसरलं की ती वस्तू अडकून राहते. मी म्हटलं, "म्हणजे बर्फाच्या कारखान्यातून क्रेट आणायचे आणि परत करायचे नाहीत, तसं." ती म्हणाली, "हां आजी. आणि एक दिवस कारखान्यात क्रेटच उरत नाहीत." डबा असा मेला. एकदम नाही, हळूहळू.

तिनं डबा दुरुस्त केला. दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती. पण मोटर बंद करणारी ही. तिनं दुनियेतल्या लोकांनी त्या खिडकीवर लिहिलेलं काम उघडून पाहिलं, ते उघड्यावरच असतं म्हणे, आणि जिथे तिथे तेच. चार ओळी लिहिल्यात, चौथी राहिली. मग तिनं ठरवलं की खिडकीतच एक फंक्शन टाकायचं. एक हाक मारली की चारही कामं आतल्या आत होतील, विसरायची सोयच राहणार नाही. ती भाषा कोणा एकाच्या मालकीची नाही. जगभरचे लोक ती फुकट चालवतात. खिडकीवर मात्र तीन राखणदार, आणि त्यांचा रिवाज असा की नवीन काही आत घ्यायचं तर तिघांपैकी एकाचाही नकार असता कामा नये. एकानं नाही म्हटलं की विषय अडला. त्यानं स्वतः नकार काढला तरच पुढे जातो.

एक राखणदार पोलंडचा, एक कॅनडाची. दोघं हो म्हणाले. तिसरे परुळेकर.

"जगभरचे लोक आहेत त्यात," प्राप्ती म्हणाली, "आणि नडायला हा डोंबिवलीचाच मिळाला."

परुळेकर इंग्रजीत काय लिहायचे ते ती जेवताना मराठीत सांगायची, आणि आमचं जेवण कडू व्हायचं. "ज्याला चार ओळी लिहिता येत नाहीत त्यानं या खिडकीवर येऊ नये." दुसऱ्या दिवशी, "विसरणाऱ्यांसाठी भाषा वाढवायची नसते, विसरणाऱ्यांना वाढवायचं असतं." एकदा तर, "इथे सोलून, निवडून, ताटात वाढून मिळत नाही. हा बाजार नव्हे." ते ऐकल्यावर मोरूनं हातातला घास खाली ठेवला. ही कोळ्याची पोर आहे हे परुळेकरांना ठाऊक नव्हतं. कागदावर ती पी. नाखवा. पण न ठाऊक असताना मारलेला दगडही लागतोच.

प्राप्तीही कमी नाही. तिनं लिहिलं की तुम्ही खिडकी राखत नाही, खिडकीच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवता.

मग परुळेकरांनी पहिल्यांदा कारण लिहिलं. ते कारण असं होतं: आज एक फंक्शन दिलं की ते पुढची तीस वर्षं द्यावं लागतं. लोकं त्यावर घरं बांधतात. आत काहीही बदललं तरी ती हाक तशीच चालवावी लागते. देणारी पोरगी उद्या लग्न करून, नोकरी बदलून निघून जाईल, आणि मरेपर्यंत निस्तरणार मी.

पोरगी असं ते म्हणाले नव्हते, ते मी घातलं. देणारा असं म्हणाले होते.

प्राप्ती ते वाचून दाखवत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे मात्र खरं बोलला मेला."

ताटावरून तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच उत्तम परुळेकर.

आता मी काय करू. मी बाजारात बसलेली बाई. आमच्यात गंगुबाई म्हणून होती, माझ्या शेजारची पाटी तिची. एका पावसाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती कोळंबी सोलून द्यायला लागली. वर काही घ्यायची नाही, नुसती सोय. गिऱ्हाईक तिच्याकडे वळलं. आम्ही बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, तिच्या पाटीवर पाणी उडवलं, सगळं केलं. शेवटी आम्हीही सोलायला बसलो. त्यानंतर सुकाळ आला, दुष्काळ आला, गंगुबाई मेली, पण सोलणं गेलं नाही. आता गिऱ्हाईक कोळंबी बघायच्या आधी विचारतं, सोलून देणार ना. माझी बोटं बघा. कोळंबीच्या काट्यानं नखं अशी झालीत की पोरं घाबरतात.

हे मी प्राप्तीला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तू कोणाच्या बाजूची?"

"मी माझ्या बोटांच्या बाजूची."

"आणि सोललेली कोळंबी नेणाऱ्या बाया? त्यांची बोटं वाचली त्याचं काय?"

"त्या मला कुठे बघायला येतात."

ती ताट घेऊन आत गेली. तीन दिवस घरात ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी मनात म्हटलं, तो डोंबिवलीला बसून माझ्या घरात चूल पेटू देत नाही, ताकद आहे हो माणसात.

मग भाषेची वर्षाची नवी आवृत्ती निघायची वेळ जवळ आली. जे आत घ्यायचं ते त्याच्या आधी घेतात, मग दार बंद होतं ते पुढल्या वर्षापर्यंत. प्राप्तीचं सगळं तयार होतं. अडवत होता तो एक नकार. ती जेवेना, डोळ्यांखाली काळं आलं. संचिता म्हणाली, फंक्शन गेलं खड्ड्यात, पोरगी जायची. आणि मोरू म्हणाला, "साहेब अडून बसलाय ना. मग त्याला जिताडा जाऊ दे."

बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. आमच्याकडे खाडीपट्ट्यात रीत आहे. कोणा मोठ्या माणसाकडे काम अडलं की त्याच्या घरी जिताडा नेऊन द्यायचा. खाडीचा मासा, चवीला राजा. तो अख्खा द्यायचा, डोक्याशेपटीसकट. कापून दिला तर तो अपमान. आणि कामाचा शब्द काढायचा नाही. नमस्कार करायचा, पोराबाळांची चौकशी करायची, मासा ठेवून यायचं. ज्याला कळायचं त्याला कळतं. माझ्या नवऱ्यानं, आबानं, सगळी अडलेली कामं अशीच सोडवली. मोरूला दुसरी पद्धत ठाऊकच नाही.

ठाण्याच्या खाडीत आता चांगला जिताडा कुठला. मोरूनं तो उरणकडून मागवला, हाताएवढा लांब, डोळा काचेसारखा. पत्ता त्यानं कसा काढला ते विचारू नका, मोरूसारख्या मासे पुरवणाऱ्याला डोंबिवलीत कोण ठाऊक नसतं. प्राप्ती ऑफिसला गेली आणि आम्ही टेम्पो काढला. मी सोबत गेले, कारण एकटा गेला असता तर मासा ठेवून मारामारी करून आला असता.

शिळफाट्यावर अडकलो, बर्फ वितळत होता. मोरू सारखा मागे वळून माशाकडे बघत होता. नवरी नेताना बघावं तसं.

परुळेकरांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. मला वाटलेलं कोणी आडदांड असेल. हा बारीक, चष्मा, बनियनवर शर्ट घालता घालता आलेला.

"कोण आपण?"

"मी प्राप्तीचा बाप," मोरू म्हणाला.

"कोण प्राप्ती?"

मोरूला हे अपेक्षितच नव्हतं. ज्याच्या नावानं आमच्या घरी वर्षभर बोटं मोडली त्याला आमचं नावच माहीत नाही. "प्राप्ती नाखवा," तो म्हणाला.

परुळेकर थांबले. "पी. नाखवा? ती मुलगी आहे?"

"मग काय घोडा हाय?"

मी मोरूला कोपर मारलं. तोवर आतून त्यांची बायको आली, सुमतीताई. माणूस मालवणकडचं असावं, कारण तिची नजर आमच्या तोंडाकडे आलीच नाही, थेट पिशवीतून बाहेर आलेल्या शेपटीवर गेली. "अगोबाई, जिताडो," एवढं म्हणाली आणि पिशवी मोरूच्या हातातून कधी गेली ते त्यालाही कळलं नाही.

बाहेर या दोघांची जुंपली. "हे काय आहे?" "मासा हाय." "ते दिसतं. कशासाठी?" "काय नाय, सहज." "माणूस ठाण्याहून डोंबिवलीला सहज मासा घेऊन येत नाही." मोरू रीत सोडेना, कामाचा शब्द काढेना. तो म्हणे, "पोरंबाळं बरी आहेत ना?" परुळेकर म्हणाले, "मला पोरंबाळं नाहीत." पुढे काय बोलायचं ते आबानं मोरूला शिकवलं नव्हतं.

मला स्वयंपाकघरातून सुमतीताईंनी हाक मारली. मासा फ्रीजमध्ये मावत नव्हता. एकदा डोकं बाहेर, एकदा शेपूट. "साफ करून आणला असतात तर," ती म्हणाली.

"द्यायचा मासा कापत नाहीत, ताई."

"मग आता? माझ्याकडे तर भाजीची सुरी."

मासा उन्हाचा आलेला, बर्फ संपलेला. मी पदर खोचला, विळी मागितली, ती नारळ खवायची निघाली, तिच्यावरच बसले. खवले काढले, पोट साफ केलं, तुकड्या पाडल्या. मी कधी मासा पुढ्यात असताना नुसती बसलेली नाही.

परुळेकर दारात येऊन उभे राहिले. तुकड्यांकडे बघत राहिले. "सुमती, हा परत द्यायचा होता."

"कापलेला मासा कोण परत घेतं," सुमतीताई म्हणाली.

"बघितलंत?" ते मला म्हणाले. "आज तुम्ही कापून दिलात. उद्यापासून ही कापूनच मागेल. मी तुमच्या नातीला वर्षभर हेच सांगतोय."

"तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "मी तिला तेच बोलले. पण इतकी वर्षं या घरी मासा कापतं कोण? तुम्ही?"

सुमतीताई हसली आणि लगेच ओट्याकडे वळली. परुळेकरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मावशी, त्या मुलीनं मला कट्ट्यावरचा टवाळ म्हटलंय. बावीस वर्षं मी ती खिडकी फुकट सांभाळतो. एक माणूस आजवर थँक्यू म्हणालेला नाही. सगळे मागायला येतात."

"तुम्ही तिला म्हणालात, हा बाजार नव्हे. मी जन्मभर बाजारात बसले. तिथे सुद्धा गिऱ्हाइकाला इतकं टाकून बोलत नाहीत."

चहा झाला नाही. आम्ही निघालो. जिन्यात मोरू म्हणाला, "घेतला ना मासा? मग झालं काम."

काम झालंच. रीतीनं नाही, दुसऱ्याच वाटेनं. त्या लोकांचाही एक नियम निघाला, की ज्याचा निकाल द्यायचा त्याच्याकडून काही घेतलं तर ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि निकालातून बाजूला व्हायचं. परुळेकर माणूस कडू, पण नियमाचा पक्का. संध्याकाळच्या आत त्यांनी जगाला लिहिलं: "या प्रस्तावकर्तीच्या घरच्यांनी मला एक मासा आणून दिला. मी घेणार नव्हतो, पण तोपर्यंत तो कापला गेला. नियमानुसार मी या विषयातून बाजूला होत आहे. माझा नकार रद्द समजावा."

त्याखाली दुनियेनं माशांची चित्रं टाकली. पोलंडच्या राखणदारानं विचारलं, कोणता मासा. कोणीतरी आमच्या पोरीच्या फंक्शनचं नाव माशाचं फंक्शन ठेवलं.

प्राप्ती घरी आली ती चप्पल न काढता आत आली.

"कोण गेलेलं डोंबिवलीला?"

मोरू मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "मी गेलेलो. झालं ना काम?"

ती पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. "बाबा, तू मला विकलंस. मासा देऊन विकलंस. वर्षभर मी एकेक मुद्दा लढले. आता कोणीही उठून म्हणेल, हिनं लाच दिली आणि आत घुसली."

"लाच कसली? मासा होता."

"ते जगाला सांग."

"अगं, पण मिळालं ना तुला. दोघं हो म्हणालेत, तिसरा गेला. आलेलं कोण परत करतं?" मोरूचाही पारा चढला. "बाप म्हणून मी उन्हातून मासा घेऊन गेलेलो, त्या टिल्लूसमोर हात जोडून उभा राहिलेलो, आणि तू मलाच बोल."

"मी सांगितलेलं का जायला?"

"तू जेवत नव्हतीस."

यावर तिनं चप्पल काढली. पण राग गेला नाही, तो माझ्याकडे वळला. "आणि तू. तुला तर त्याचंच पटतं. मग कापलास कशाला?"

"फ्रीजमध्ये मावत नव्हता," मी म्हटलं. खरं तेच होतं.

दार बंद व्हायला मधे दोन दिवस होते. काही न करता ती गप्प बसली असती तरी फंक्शन आत गेलं असतं. मोरू देवाला नारळ बोलून आला. संचिता म्हणाली, कुणी विचारलं तर सांगू, ओळखीचे आहेत ते. मी भांडी घासत राहिले. घरात माझ्या बोलण्याला त्या आठवड्यात भाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉम्प्युटर घेऊन बाहेर पडवीत येऊन बसली. लिहिलं, आणि पाठवायच्या आधी आम्हा तिघांना मराठीत वाचून दाखवलं. तिनं लिहिलं होतं: "मासा माझ्या माहितीशिवाय गेला. तो देणाऱ्यांची बाजू मी घेते, ते माझे बाबा आणि आजी आहेत. पण श्री. परुळेकरांच्या गैरहजेरीत माझं फंक्शन आत घेऊ नये. मला त्यांची सुट्टी नको, त्यांचा होकार पाहिजे. ते या विषयावर परत बसेपर्यंत प्रस्ताव मी मागे घेत आहे. तीस वर्षं कोण निस्तरणार, हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. मी निस्तरीन. खाली माझं नाव लिहून ठेवा, पूर्ण नाव."

मोरू उठून निघून गेला. "वर्ष घालवलं," एवढंच म्हणाला.

तिनं पाठवलं. त्या वर्षी दार बंद झालं, फंक्शन बाहेर राहिलं. कंपनीत तिला हसले. आमच्या आळीत कोणी विचारलं की मोरू सांगायचा, सरकारी काम आहे, वेळ लागतो. बापलेक महिनाभर एकमेकांच्या ताटाकडे बघून जेवत होते.

नवं वर्ष सुरू झालं तसे परुळेकर परत बसले. लोकांनी त्यांना विचारलं असेल, मासा पचला का. त्यांनी प्राप्तीला लिहिलं. ती वाचत होती, मी भाकरी भाजत होते.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, बायको मासा चांगला होता म्हणाली. आणि नकार कायम आहे."

"मेला."

"थांब. म्हणतो, फंक्शनचं नाव चुकीचं आहे. त्यातून काय परत होतं आणि काय नाही ते नावावरून कळत नाही. असं नाव मी आत घेणार नाही." तिनं पुन्हा एकदा वाचलं. "आजी, तो नावावर आलाय. फंक्शनच नको, असं कुठेच म्हणत नाही."

"म्हणजे जिंकलीस?"

"छे. नावावर तो दोन वर्षं भांडेल. पोलंडवाला मधे पडेल, ती कॅनडावाली तिसरंच नाव काढेल."

"मग?"

"मग काय. भांडू," ती म्हणाली, आणि दुसऱ्या भाकरीला हात घातला.